मशीनला सांगायचं ते

"बाई गं मशीनबाई, तुझी वाफ जाणार कुठं? पंखाच बंद!" मावशी इस्त्रीच्या मशीनला मोठ्यांदा म्हणाल्या, कारण नवे साहेब मागून चालले होते.

इस्पितळाच्या लाँड्रीत तक्रार करायची हीच पद्धत होती. साहेबाच्या तोंडावर कोणी काही बोलत नसे. तो टप्प्यात आला की मशीनला सुनवायचं. जुने साहेब त्यातलं सोयीचं तेवढं ऐकत. नव्या साहेबांना वाटलं, बायका थट्टा करताहेत. ते हसून पुढे गेले.

सगळ्या जिला ताई म्हणत, तिने हातातली चादर खाली ठेवली. आदल्या दिवशी त्यांच्यातली सगळ्यात लहान, जिला सगळ्या धाकटी म्हणत, ती याच वाफेत चक्कर येऊन पडली होती आणि तिला सहावा महिना चालू होता. ताई तडक केबिनमध्ये शिरली. मशीनच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून साहेबांनी दार लावून घेतलं.

"छताजवळचा पंखा बंद आहे, साहेब. काल आमची एक पोटुशी पोरगी पडली. आज पंखा सुरू करा, नाहीतर मी तिला मशीनवर उभी राहू देणार नाही."

"मग इतके दिवस कोणी बोललं का नाही?"

"रोज बोलतोय की. मशीनशी."

साहेबांना त्यातलं काही उमगलं नाही, पण त्यांनी लगेच फोन उचलला. इतकं पटकन काम झालेलं ताईलाच खटकलं. हा माणूस खरंच सरळ की गोड बोलून गळा कापणारा, कोण जाणे.

दुपारी पंखा फिरू लागला. तेवढ्यावर थांबले असते तर ते साहेब कसले! ते सगळ्यांसमोर येऊन म्हणाले, "बघा, असं थेट येऊन सांगायचं. या ताईंकडून शिका जरा."

तिथेच घात झाला. जुन्याजाणत्यांना जमलं नाही ते हिला बंद दाराआड कसं जमलं? बदल्यात हिने काय सांगितलं असेल? कोण उशिरा येतं, कोण आजारपणाचं निमित्त काढून घरी बसतं? ताई जवळून गेली तशा मावशी मशीनला म्हणाल्या, "जपून गं बाई. हल्ली इथलं तिथं पोचतं."

ताईला ते झोंबलं. साहेबापुढे न अडखळलेली जीभ या बायकांपुढे मात्र उचलेना.

जेवणाच्या सुट्टीत ती धाकटीसमोर उभी राहिली. "तुलाही वाटतं का, मी चुगल्या केल्या?"

"नाही ताई, शपथ. माझ्यासाठीच गेलात तुम्ही." धाकटीने मावशींकडे चोरून पाहिलं. "पण माझ्या शेजारी बसू नका. बाळंतपणाला गेले की माझं काम या सगळ्याच ओढणार आहेत. नाही ओढलं तर माझी जागा जाईल."

ताईला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. पोरगी खरं तेच, तोंडावर बोलली होती.

"बरं," ती म्हणाली. "मधून मधून पाणी पीत जा."

हात धुवायच्या नळापाशी जाऊन तिने उभ्यानेच डबा उघडला. भाजी छान जमली होती. आज कोणी मागायला आलं नाही.