पार्वतीची वही

"आगं शिवा, भाकर गार व्हायलीय. शंकराला घाई न्हाय, पर माझ्या पोटाला हाय की!"

चुलीपासून सासूबाईंचा, इरम्माचा आवाज आला. शिवकांता माजघरात पाटावर बसली होती. इष्टलिंगाची पूजा झाली होती, कपाळावरची विभूती अजून ओलसर होती. पुढ्यात दौत, टाक, लाल पुठ्ठ्याच्या दोन वह्या आणि पिठाची चाळणी.

"तुमी घ्या खाऊन, आत्याबाई. माझ्या दोन ओळी ऱ्हायल्यात."

"तुला सोडून कवा खाल्लंय म्या? लिव. बसते तशीच."

शिवकांतानं श्रावणाच्या पहिल्या दिवशी नेम धरला होता, कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा. रोज एका वहीत एकशे आठ वेळा 'ॐ नमः शिवाय' लिहायचं. तो नेम कळंबात आणखी चारदोन बायका करत होत्या. पौर्णिमेला वही मांजरा नदीच्या पाण्यात सोडली की उद्यापन झालं. दुसऱ्या वहीचा नेम मात्र तिचा एकटीचा होता. घरातली रोज एक वस्तू घ्यायची, तिच्याकडं बघत बसायचं आणि तिच्यावर चार ओळी लिहायच्या. त्या झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. देवाला रोज नमस्कार होतो. जी फुंकणी, जी पळी दिवसभर आपल्यासाठी राबते, तिला कोण करतं? एवढंच तिच्या मनात आलं होतं.

बघत बसलं की घर हळूहळू लांब जायचं. गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खोल व्हायचा. कवडशातून पिठाचे कण सावकाश तरंगायचे, आणि चाळणी पुढ्यातच असूनही कुठंतरी आत, आपल्या आईच्या हातात आहे असं वाटायचं. मग टाक आपोआप चालायचा.

*पीठ सगळं देऊन टाकते,*
*स्वतःकडं कोंडा ठेवते.*
*विचारलं तर म्हणते,*
*भरलंय पोट.*

वाळू टाकून तिनं शाई टिपली आणि वही मिटली.

दुपारी इरम्मा कलंडली की शिवकांता परसातल्या भिंतीपाशी जायची. भिंतीत हातभर झरोका होता. पोलीस ॲक्शनच्या साली पलीकडची दोन लेकरं अलीकडं लपवून ठेवायला चार दगड काढले होते, ते परत कुणी बसवलेच नाहीत. झरोक्यापलीकडं ताहेराबीचं अंगण. ताहेराबी वयानं मोठी, निजामीत उर्दू चार यत्ता शिकलेली. मराठी अक्षर तिला येत नव्हतं.

"आली का शायर?" ताहेराबी लसूण सोलत म्हणाली. "आज कुणाची पाळी?"

"चाळणीची, आपा."

"हाय अल्ला! ती बिचारी आधीच भोकाभोकाची. सुनाव."

शिवकांता हलक्या आवाजात वाचायची. ताहेराबी डोळे मिटून ऐकायची, मग म्हणायची, "पुन्यांदा." दुसऱ्यांदा ऐकताना तिचे ओठ हलायचे.  चाळणी ऐकून झाल्यावर सोललेला लसूण तिनं झरोक्यातून पुढं सरकवला.

"समदी झाली की एकदा अव्वलपासून आखिरपर्यंत वाचून दाखीव," ती म्हणाली. "ही वही नदीत सोडू नक्को हां."

"न्हाय सोडायची. ही ठेवणाराय मी."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काहीतरी स्वतःसाठी ठेवायचं ठरवलं होतं. नवऱ्याला, शरणबसप्पांना, तिनं सांगितलं नव्हतं. ते तहसिलीत कारकून होते. वह्या त्यांनीच आणून दिल्या होत्या, आत काय लिहितेस हे विचारलं नव्हतं. इरम्मानं मात्र एकदा विचारलं होतं.

"येक वही शंकराची, कळलं मला. ही दुसरी कुणाची गं?"

"ती बी नेमाचीच हाय, आत्याबाई."

"मंग पार्वतीची आसंल," इरम्मानंच ठरवून टाकलं. "बरं केलंस. बाईमाणसाला कोन इचारतंय न्हायतर."

शिवकांता हसली. ते खोटं नव्हतं, आणि खरं सांगायला तिला लाज वाटली. पळीवर नि खुंटीवर लिहिते, हे कसं सांगायचं? तिथून ती पार्वतीचीच वही झाली. पूजेच्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी राहू लागल्या.

कार्तिकात थंडी वाजून ताप आला. तीन दिवस तिनं तापातच ओळी लिहिल्या. शेवटची अंगावरच्या वाकळीवर. पौर्णिमेच्या सकाळी मात्र तिला उठवेना. डोळ्यांपुढं सगळं पाणी पाणी होत होतं. त्या पाण्यावरून घर चाललं होतं, चाळणी, रवी, सांडशी, कंदील, एकामागून एक, न बुडता, आपापल्या जागा सोडून. खुंटीसुद्धा भिंतीतून सुटून निघाली होती. ती त्यांना हाक मारत होती, पण त्यांची नावं आठवत नव्हती.

जाग आली तेव्हा ऊन परसात आलं होतं. इरम्मा उशाशी बसून तिच्या कपाळाला अंगारा लावत होती. म्हातारीच्या लुगड्याचे काठ गुडघ्यापर्यंत ओले होते.

"नेम चुकू दिला न्हाय बघ तुझा," ती म्हणाली. धाप लागली होती तिला. "काठी घिऊन सावकाश गेले. दोनी वह्या सोडल्या. पार्वतीची आधी सोडली. दर येळी तिला का मागं ठेवायची? लई झ्याक गेली बाई, तरंगत तरंगत, वळणापोतर दिसत हुती."

शिवकांतानं फळीकडं पाहिलं. फळी पुसून ठेवलेली होती. त्यावर दोन फुलं होती.

गुडघे धरलेली ही बाई मांजरेपर्यंत चालत गेली होती, आपल्यासाठी. शिवकांतानं ओठ ओले केले.

"बरं केलंत, आत्याबाई."

"ताप उतरंल आता," इरम्मा म्हणाली. आणि ताप खरंच उतरला.

आठवड्यानं ती झरोक्यापाशी गेली. बातमी तिनं सांगितली ती लुगडं वाळत घालता घालता, पाठमोरी. ताहेराबी झरोक्याजवळ सरकली.

"तुझ्या ध्यानात किती हायेत?"

"एक बी न्हाय, आपा. लिहिलं की माझ्यातनं जातंय ते. बसले हुते आठवत. चाळणीकडं बघितलं, तर नुसती चाळणी दिसली."

"कागज आन."

"काय?"

"कागज आन म्हन्ते. आन टाक. जा!"

शिवकांतानं घरातली एक कोरी वही आणली. ताहेराबीनं डोळे मिटले.

"पीठ समदं दिऊन टाकते," तिनं सुरुवात केली.

शिवकांता भिंतीला टेकून लिहीत गेली. एका बैठकीत सहा आठवल्या. फुंकणीची आली, 'तुझ्या पोटात काही नाही, म्हणूनच माझा श्वास चुलीपर्यंत पोचतो'. खुंटीची आली, 'भिंतीतून एक बोट बाहेर आलंय, थकून आलेल्याची टोपी धरायला'. काही शब्द ताहेराबीचे होऊन आले होते. शिवकांतानं ते तसेच राहू दिले. पाच दिवसांत सतरा झाल्या. बाकीच्या नव्वदच्या आसपास मांजरेच्या वळणापलीकडं गेल्या.

"बस. खतम," सहाव्या दिवशी ताहेराबी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "न्हाय, आनखी एक हाय. बधन्याची."

शिवकांताचा टाक थांबला. लिंगायताच्या घरात तोटीचा बधना कुठून असणार? तो पलीकडं होता, ताहेराबीच्या मोरीवर, नमाजाआधीच्या वजूच्या पाण्याचा. झरोक्यातून तो रोज दिसायचा, पण त्याच्यावर कधी लिहिलं नव्हतं. तिनं वर पाहिलं. ताहेराबी डोळे घट्ट मिटून बसली होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"सांगा, आपा," शिवकांता म्हणाली.

*तोटी लहान, पानी थोडं.*
*हात धुतले, तोंड धुतलं,*
*पाय धुतले.*
*तरी थोडं ऱ्हातंय,*
*मागून येणाऱ्याला.*

शिवकांतानं तिच्या नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या समासात ते उतरून घेतलं.

"पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

ताहेराबीनं पुन्हा सांगितलं. या खेपेला शिवकांताचे ओठ हलले.

मागं काठीचा आवाज झाला. इरम्मा परसात आली होती.

"नवा नेम धरलास का गं?"

"व्हय, आत्याबाई."

"आन ही कुणाची वही म्हनायची?"

शिवकांतानं झरोक्याकडं पाहिलं. "शेजारची."

इरम्मानं क्षणभर विचार केला. मग काठी टेकत ती उंबऱ्याकडं वळली.

"मंग नदीत सोडताना त्यास्नी आधी इचार हां. त्येंच्यात काय रीत असती, आपल्याला ठावं न्हाय."

"विचारते," शिवकांता म्हणाली. वही तिनं मिटली नाही. शाई अजून ओली होती.