नळीतले बुडबुडे

"तिला सांग, ते ब्रेकचं लिव्हर आहे, लिंबू नाही. पिळू नको म्हणावं."

बाबा मोटरसायकलच्या पुढच्या चाकाशी मांडी घालून बसले होते आणि हे सगळं चाकाला सांगत होते. 'तिला' म्हणजे मुंगीला. त्यांची ही लेक हातभर अंतरावर हँडल धरून उभी होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी निरोप पोचवायचं काम आईकडेच.

"मुंगे, पिळू नकोस गं," आई म्हणाली.

"त्यांना सांग, पिळत नाहीये. दाबतेय."

"अहो, दाबतेय ती."

आठवडाभर घरात हाच कारभार चालला होता. मुंगीला नोकरी लागली होती. दवाखान्या-दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायचे. उद्या सकाळी रुजू व्हायचं, आणि त्यासाठी गाडी हवी. गाडी होती बाबांची. "माझी गाडी मी चालवतो," बाबा म्हणाले. गाडी कित्येक महिने जिन्याखाली धूळ खात उभी होती, त्यामुळे मुंगी बोलून गेली, "तुम्ही कुठे चालवता?" झालं. तेव्हापासून अबोला. शेवटी आईनेच मध्ये पडून तह घडवून आणला, की बाबांच्या हातून ब्रेक कडक झाला तरच गाडी फाटकाबाहेर जाईल. सध्या ब्रेक कसला? दाबला की लिव्हर ओल्या स्पंजासारखं थेट मुठीला टेकत होतं.

बाबा गाडी का चालवत नव्हते? पाठीमुळे. निदान घरात तसं म्हणायची रीत पडली होती. पेपर वाचत नाहीत, कारण पेपरात आता काही राम राहिला नाही. चहा कपाबाहेर ओतला गेला, तर कपच वाकडा. ज्याने जन्मभर बस चालवली त्याच्यासमोर डोळ्यांचं नाव कोण काढणार? आई शिवणकाम करायची. काळ्या कापडावरचा काळा धागा लांबून ओळखणाऱ्या बाईला न कळण्यासारखं काय होतं त्यात? पण तीही रोज रात्री इमानेइतबारे पाठीला शेक देत होती.

आता काम तसं सोपं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की तो असा नरम पडतो, ती हवा काढायची. चाकाजवळ ब्रेकमधली हवा काढायचा एक बारीक स्क्रू असतो. त्याला पारदर्शक नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. वरच्या माणसाने लिव्हर दाबून धरलं की खालच्याने स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. मग स्क्रू आवळायचा आणि त्यानंतरच वरच्याने हात सोडायचा. घाई केली की निघालेली हवा परत आत.

"तिला सांग, अजून सोडू नको."

"मुंगे, अजून सोडू—"

लिव्हर टकदिशी वर आलं. नळीतलं तेल सुळकन मागे गेलं.

"सोडलं तिने!"

"मुंगे, सोडलंस म्हणतात."

"त्यांना सांग, निरोप उशिरा आला."

असं तीनदा झालं. ब्रेक ऑइलची बाटली निम्म्यावर आली. आईने ओलं फडकं उचललं आणि टाकीवर उडालेले थेंब पुसून काढले. ते तेल रंग खातं, हे तिला बाबांनीच नव्या नवलाईच्या दिवसांत शिकवलं होतं.

"आजपासून माझं टपाल खातं बंद," ती म्हणाली. "ज्याला ब्रेक हवाय त्याने स्वतःचं तोंड उघडावं."

शेजारच्यांचा कुकर तेवढा शिट्टी मारून घेत होता.

"धर," बाबा पुटपुटले.

"धरलंय."

"थांब... हां, सोड."

बोलणं एवढंच, पण सरळ. आईला वाटलं, सुटलो. पाच-सहा वेळा झाल्यावर बाबांनी स्क्रू आवळला. "नळी स्वच्छ. एक बुडबुडा नाही."

मुंगीने दाबून पाहिलं. "नरमच आहे अजून."

"तुझ्या हातात जोर नाही."

"जोर कशाला लागतोय? आपणहून मुठीला टेकतंय!"

आई वाकली. "पुन्हा करा बघू एकदा." त्यांनी केलं. नळीतून बुडबुडे चालले होते, एकामागून एक, माळेतले मणी ओघळावेत तसे. आणि बाबा त्यांच्याकडेच टक लावून म्हणत होते, "बघ, स्वच्छ."

पेपर झाला, चहा झाला, आजवर सगळ्याला तिने ठिगळ लावलं होतं. ब्रेकला कसं लावणार? उद्या त्या लिव्हरवर लेकीचा हात असणार होता.

"सरका जरा," ती म्हणाली. "पाठ भरून आली असेल तुमची. नळीकडे मी बघते. पाना तुमच्याकडेच राहू द्या."

"बघ बघ," बाबा म्हणाले. जरा जास्तच लगेच म्हणाले.

मग काम झपाट्याने निघालं. "आला, मोठा आहे," आई सांगायची. "त्यामागे दोन बारीक." बाबांचा पाना नेमका तेवढाच फिरायचा, ना जास्त ना कमी. "मुंगे, हँडलवरच्या डबीत तेल घाल, तळ उघडा पडू देऊ नकोस," बाबा म्हणाले. "घातलं, बाबा." "मोहरीएवढा एक," आई म्हणाली. "आता काही नाही. आताही काही नाही. नुसतं तेल."

"आवळला. दाब."

लिव्हर अर्ध्यावर जाऊन थबकलं. मुंगीने दोन्ही हातांनी जोर लावला. तसूभरही हललं नाही.

"बाबा, दगड झालाय दगड!"

"मग? ब्रेक म्हणतात याला," बाबा म्हणाले आणि हात पुसत ऐटीत उठले.

मुंगीचा राग एरवीही फार टिकायचा नाही. तिने गाडी ढकलत फाटकापाशी नेली, तोंड रस्त्याकडे केलं आणि हँडल बाबांपुढे धरलं. "पहिली चक्कर तुमची. ब्रेक तुम्ही केलाय."

तिने ते मान म्हणून म्हटलं होतं. आईच्या हातातलं फडकं मात्र आवळलं गेलं.

बाबा गाडीवर बसले. ताठ बसले, बसच्या केबिनमध्ये बसायचे तसे. एका किकमध्ये इंजिन सुरू झालं. त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला आणि बाबांची मान, तो निघून गेल्यावर, आवाजाच्या मागे वळली. पाय गिअरपाशी गेला.

"अहो, तुमची पाठ—" आई पुढे झाली.

"पाठ ठणठणीत आहे माझी." बाबांनी इंजिन बंद केलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते मुंगीकडे तोंड करून बोलले. "गाडी तूच ने, मुंगे. मला दिसत नाही."