टेबलावरचं सगळं

मुलींच्या मंडळाला हातकाम शिकवायचं मी का कबूल केलं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. कपडे अल्टर करायचं माझं दुकान आहे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि पोटं सुटली की त्याच पँटी कमरेत सैल करून द्यायच्या, एवढंच मला येतं. पण फादरनी मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, आणि चर्चच्या दारात उभं राहून नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत माझा दरबार भरतो.

खोलीत एक लांब टेबल, एक गळका नळ आणि कपाटभर सुकलेले डिंकाचे डबे. मुली मोजक्याच. एक जिराफ, म्हणजे उंच. एक वकीलीण, ती प्रत्येक गोष्टीला "पण का?" विचारते. आणि एक आमची मुंगी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ही कायम गुपचूप काहीतरी इथून तिथे नेत असते, म्हणून मुंगी.

मुंगीची आई दोनेक वर्षांपूर्वी गेली. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, आणि आता तो पुन्हा लग्न करतोय, कोपऱ्यावरच्या बेकरीवालीशी. बाई चांगली आहे. शोधूनही खोड सापडत नाही, मी शोधून पाहिलंय. मागच्या आठवड्यात भाऊ माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसून उगीचच मापाची टेप गुंडाळायला लागला.

"ताई, तिला काहीतरी द्यायला हवं. घरात दागिना म्हणावा असं एकच आहे."

म्हणजे मुंगीच्या आईची लांब माळ, निळ्या काचेच्या मण्यांची, प्रत्येक मण्याच्या पोटात पांढरा ठिपका. किमतीला काही फार नाही, पण ती घालून माझी भावजय मिस्सेला यायची तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायकासुद्धा प्रार्थना सोडून मागे वळायच्या.

"डब्यात पडून काय करायची? दे की," मी कात्री चालवता चालवता म्हणाले. असलं शहाणपण माझ्याकडे नेहमी तयार असतं. टेबलाखाली मुंगी बटणं निवडत बसली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

भाऊ गेल्यावर खालून आवाज आला, "आत्या, फादरनी आशीर्वाद दिलेली वस्तू मोडून कुणी दुसरं काही करू शकतं?"

"बिशप आले तरी नाही! ती वस्तू देवाच्या कामाची झाली. तुटली-फुटली तरी कचऱ्यात टाकायची नाही. जाळायची, नाहीतर पुरायची." पोर धर्माचं विचारतेय म्हणून मला कोण आनंद! "पुढच्या शनिवारी आपण रोझरीच करू, जपाची माळ. फादर येऊन आशीर्वादही देतील," हेही मीच म्हणाले.

शनिवारी मी लाकडी मण्यांची पिशवी आणि जाड दोरा घेऊन गेले. दहा मण्यांवर दहा नमो मरिया, मग एका सुट्या मण्यावर आमच्या बापा, असे पाच वेढे, हे मी नीट समजावून सांगितलं. तरी जिराफने मणी बाजूला सारून कापसाचा देवदूत करायला घेतला.

"देवदूताला चोच असते?" वकीलिणीने विचारलं.

"ते नाक आहे," जिराफ म्हणाली.

वकीलिणीच्या तिसऱ्या वेढ्यात एक मणी जास्त भरला होता. एक नमो मरिया जास्तीची झाली तर देव ती पुढच्या दिवसात धरतो का, असं तिने मला विचारलं. मला काय माहीत! मी म्हटलं, उसव.

मुंगी टेबलाच्या टोकाला एकटीच बसली होती. समोर रुमाल, रुमालात निळे मणी. कुणीतरी दिले असतील असं वाटून मी नुसती गाठ बघायला वाकले, आणि प्रत्येक मण्याच्या पोटातला पांढरा ठिपका मला दिसला. ही तर भावजयीचीच माळ! चार वेढे निळे ओवून झाले होते. पाचवा तेवढा मी आणलेल्या लाकडी मण्यांचा होता. निळे संपले असणार, मी मनात म्हटलं.

"हे कुठून आणलंस?" मी कुजबुजले.

"घरून."

"पप्पांना विचारलंस?"

"त्यांनी मला विचारलं होतं?"

एक धपाटा घालावा की जवळ घ्यावं, मला ठरवता येईना. धपाट्यासाठी हात उचलला आणि तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला, मग तो तिथून काढावा की नको हेही कळेना. तेवढ्यात दार उघडून फादर आले. फादर नवे, तरुण, आणि उत्साहाला नुसता ऊत. हातात पवित्र पाण्याचं भांडं आणि शिंपडायची दांडी.

"वा! झाल्या का सगळ्यांच्या?" ते म्हणाले.

"फादर, जरा थांबा," एवढं म्हणायला मी तोंड उघडलं. मुंगीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. का मिटलं ते विचारू नका.

फादरनी प्रार्थना म्हटली आणि दांडी अशी काही फिरवली की टेबलावरचं काहीच सुटलं नाही. रोझऱ्या भिजल्या, चोचीचा देवदूत भिजला, डिंक, कात्री, दोऱ्याचे तुकडे, माझा चष्मा आणि जिराफचं अर्धं खाल्लेलं बिस्किटही भिजलं.

"फादर, आता डिंक पण पवित्र झाला?" वकीलिणीने विचारलं.

"नाही, नाही. आशीर्वाद प्रार्थनेच्या वस्तूंना."

"पण पाणी तर सगळ्यांवर पडलं."

"हेतू महत्त्वाचा असतो, बाळ."

"पण तुमचा हेतू बिस्किटाला कसा कळणार?"

फादरनी माझ्याकडे बघितलं. मी नळाकडे बघितलं. दोऱ्याचे तुकडे आता केरात टाकायचे की जाळायचे, असं मलाही विचारायचं होतं, पण एका माणसाला किती छळायचं! जिराफने मधल्या मध्ये बिस्किट खाऊन टाकलं आणि हे पाप झालं का म्हणून ती रडकुंडीला आली. मी तिला आणि वकीलिणीला नळावर हात धुवायला पिटाळलं. चष्मा पुसायचा की नाही हे न समजून तो तसाच ठिपक्याठिपक्यांचा डोळ्यांवर चढवला.

आणि नेमका तेव्हाच माझा भाऊ दारात उभा. कामाचे कपडे, हात ग्रीसने काळे.

"ताई, ती माळ! सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी ती यायचीय आणि डबा रिकामा..." बोलता बोलता त्याची नजर टेबलावर गेली. मुलींच्या त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मुंगे, हे काय केलंस?"

"रोझरी."

"ताई, तू उसवून परत ओवून देशील ना? तासाभराचं तर काम."

काम तेवढंच होतं. माझ्या हातात कात्रीसुद्धा होती, तीही बहुतेक पवित्र.

"आशीर्वाद झालाय, पप्पा," मुंगी म्हणाली. "आता बिशप आले तरी नाही. आत्याने सांगितलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईने फादरकडे बघितलं.

"म्हणजे... दोरा तुटला तर पुन्हा ओवता येतं," फादर म्हणाले. "पण मोडून दागिना करायचा म्हणजे... मला वाटतं, नाही. विचारावं लागेल."

"कुणाला?" नळावरून वकीलिणीने विचारलं.

फादर मुंगीसमोर खाली बसले. "खरं सांग हं. ही तू प्रार्थनेसाठी केलीस, की पप्पांनी माळ देऊ नये म्हणून?"

मुंगीने बराच विचार केला. "दोन्ही," ती म्हणाली. "असं चालतं का?"

फादरनी शिंपडायची दांडी भांड्यात परत ठेवली. मला तर काहीच कळेनासं झालं होतं. या एवढ्याशा पोरीने देवाला पुढे करून आम्हा सगळ्यांना फसवलं, की दुसरं कुणीच विचारत नाही म्हणून बिचारी देवाच्या मागे जाऊन उभी राहिली? भावाची दया येत होती, पोरीची येत होती, आणि बेकरीत संध्याकाळची तयारी करत असलेल्या त्या बाईचीही येत होती. एका वेळी इतक्या लोकांच्या बाजूने कसं व्हायचं?

"तुला ती नको आहे का?" भाऊ हळूच म्हणाला. "तसं स्पष्ट सांग, बेटा. मी लग्नाचं थांबवतो. आजच सांगतो तिला."

आता मुंगीच गोंधळली. "मी असं कुठे म्हटलं?"

तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला, एक छोटी पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. आत निळे मणी होते. पांढऱ्या ठिपक्यांचे.

"हे टेबलावर नव्हते," ती म्हणाली. "यांच्यावर एक थेंब पडलेला नाही. मी लक्ष ठेवून होते."

"उरले होय?" भावाने विचारलं.

"उरले नाहीत. पहिल्यांदा हेच काढून ठेवले. त्यांच्यासाठी."

मी टेबलावरच्या रोझरीकडे बघितलं. चार वेढे निळे, पाचवा लाकडी. दुपारपासून डोक्यात नुसता गुंता होता, तेवढी एक गोष्ट मला लख्ख दिसली. मणी संपले नव्हते. आईच्या मण्यांचा एक अख्खा वेढा तिने बेकरीवालीला काढून दिला होता. मला भरून आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला, कारण हे ओवत असताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी होते.

मी सुई काढली. पिशवीतला कोरा दोरा घेतला, टेबलावरचा नको. ठिपक्याठिपक्यांच्या चष्म्यातून सुईचं नेढं दिसेना, तेव्हा फादरनीच दोरा ओवून दिला. हातात घालायची माळ होईल एवढेच मणी होते. मी गाठ मारली आणि वर आणखी एक मारली.

भावाने काळे हात पँटला पुसून ती तळहातावर घेतली. एकेक मणी अंगठ्याने सरकवून पाहिला. मग मुंगीला म्हणाला, "लांब माळ होती हे तिला ठाऊक आहे. मीच सांगून बसलोय. बाकीचे मणी कुठे गेले विचारलं, तर काय सांगू?"

मुंगीने रोझरी उचलून मुठीत धरली.

"सांगा," ती म्हणाली, "बाकीचे वापरात आहेत."