पितळी हातोडा आणि पूजेची पिशवी

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, पण लोखंडाचा नव्हे, पितळेचा. लोक म्हणतात, अमक्याचं पितळ उघडं पडलं. माझं कसं पडणार? ते पहिल्यापासून उघडंच आहे.

भट्टीतून साच्यात ओतला गेलो, थंड झालो, दांडा मिळाला आणि पेट्रोलपंपांच्या जमिनीखालच्या टाक्या साफ करणाऱ्या एका ठेकेदाराच्या पेटीत येऊन पडलो. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. मी आपटलो की माझ्याच अंगाला खड्डा पडतो. पेट्रोलच्या वाफेजवळ हाच गुण लाखमोलाचा. पण ठेकेदाराच्या टोळीला त्याचं काय? "लई मऊ हाय बे ह्यो," म्हणून ती लोखंडी घण उचलायची आणि मला जीपच्या चाकाखाली उटी म्हणून लावायची. मला फार वाईट वाटे. ज्याच्यासाठी घडलो ते काम सोडून चाकं अडवायची!

मग अंबाजोगाईच्या ईश्वरीताई आल्या. ठेकेदारांची माणसं नीट जपून काम करतात की नाही, हे पाहायला तेल कंपनीने त्यांना नेमलं होतं. त्यांनी मला चाकाखालून काढलं, पुसलं आणि टोळीला बजावलं, "टाकीपाशी फक्त हाच चालेल." तेव्हापासून माझे दिवस पालटले.

टोळीचा मुकादम मुंजाजी. आधी ऊसतोडीची टोळी न्यायचा, आता टाक्या साफ करणाऱ्यांची नेतो. माणूस कडक, पण आपल्या माणसांवर जीव टाकणारा. त्याचा भाचा सत्यम टाकीत उतरून तळाचा गाळ काढतो.

पाटोद्याजवळच्या रुद्रप्पाशेठच्या पंपावर यंदा आम्ही गेलो होतो. टाकी रिकामी केलेली होती, पण रिकाम्या टाकीतच वाफ जास्त भरते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटते. ताईंनी फाटकावरच सगळ्यांचे मोबाईल, बिड्या, काडेपेट्या काढून घेतल्या. मी पान्यावर चार टोले दिले, गंजलेले नट सैल झाले, झाकण निघालं. ताई पंख्याची जाडजूड नळी ओढून आणत होत्या.

तेवढ्यात मुंजाजीने टाकीच्या तोंडाशी ताट मांडलं. नारळ, हळदकुंकू, कापूर. ऊसतोडीला लागताना ही माणसं आधी कोयता पुजतात. मुकादमाने तीच रीत इथे आणली होती. पूजेच्या पिशवीतून त्याने काडेपेटी काढली. खिसे सगळ्यांचे तपासले होते, पण देवाच्या पिशवीला कोण हात लावतो?

मी तिथून दोन हातांच्या अंतरावर पडलो होतो. मला ओरडता येत असतं तर बीडपर्यंत ऐकू गेलं असतं.

ताईंनी पाहिलं. त्या किंचाळल्या नाहीत. झपाझप आल्या आणि त्यांनी काडेपेटीवर तळहात दाबून धरला.

"मामा, सोडा ती."

"बाई, देवाचं काम हाय!" मुंजाजी भडकला. "फडात पूजा केल्याबिगर आमी उसाला हात लावत न्हाई. हितं तर पोरगं जिमिनीच्या पोटात उतरणार हाय. बिनपूजेचं मी न्हाई उतरू देणार."

ताईंनी वाद घातला नाही. काडेपेटी लांब पाठवली आणि वाफ ओळखणारं यंत्र त्या ताटाशेजारी जमिनीवर टेकवलं. यंत्राने जो टाहो फोडला, तो ऐकून मुंजाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने एकदा ताटातल्या कापराकडे पाहिलं, एकदा सत्यमकडे, आणि स्वतःच ताट उचललं.

"झाकण लावा. टाकी उघडायचा परवाना रद्द. सगळं पहिल्यापासून," ताई म्हणाल्या.

हे ऐकून रुद्रप्पाशेठ ऑफिसातून तरातरा बाहेर आले. "मॅडम, कावून थांबवलं? गिऱ्हाइकं परत चाललीत. माणसं ठेकेदाराची हाईत, त्याचं तो बघंल!"

"माणसं ठेकेदाराची, पण टाकी कुणाची, शेठ? भडका उडाला तर तो विचारून जाळतो का, की तू कुणाचा म्हणून?"

शेठ दोन पावलं मागे सरले. यंत्राचा आवाज त्यांनीही ऐकला होता.

झाकण घट्ट बसलं. मग रस्त्यापलीकडे, वारा जिकडून येत होता त्या बाजूला, मुंजाजीने पूजा मांडली. कापूरही तिथेच पेटवला. नारळ फोडायला दगड सापडेना, तेव्हा ताईंनी मलाच पुढे केलं. एका टोल्यात दोन भकलं! कोयत्याच्या जागी मुंजाजीने मलाच कुंकू लावलं. मऊ म्हणून हिणवलेल्याला एवढा मान मिळाला, मित्रांनो, मी खरंच सुखावलो.

पुन्हा झाकण उघडलं. ताटातला कापूर कधीच विझला होता, काडेपेटी फाटकापलीकडे होती. पंखा लागला. यंत्र खालपर्यंत सोडलं, वर घेतलं, पुन्हा सोडलं. ते शांत राहिलं तेव्हाच सत्यमने मास्क चढवला, पट्टा बांधला आणि तो उतरला. पट्ट्याला बांधलेला दोर मुंजाजीच्या हातात होता. त्याची नजर त्या भोकावरून एकदाही हलली नाही. गिऱ्हाइकं परत जात होती, पण शेठ आता टाकीपाशीच उभे होते.

काम उरकून सत्यम वर आला, तेव्हा त्याचा गाळाने माखलेला हात धरायला शेठ स्वतः वाकले. पांढरा सदरा कोपरापर्यंत काळा झाला. "ये बाबा, ये वर," म्हणाले, "सांभाळून."

मित्रांनो, तुमच्याही दारी कामाला माणसं येतात. कुणी विहिरीत उतरतं, कुणी खांबावर चढतं. तो कोणत्या ठेकेदाराचा, हे मागाहून विचारा. आधी एवढंच विचारा, "बाबा, तुझा दोर कुणी धरलाय?" आणि कुणीच धरला नसेल, तर काम थांबवा.