उभेबाबांच्या तळहातावर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर उभेबाबांनी आठ महिन्यांच्या बाळाच्या छातीला एका हाताने आधार दिला, दुसरा तळहात त्याच्या पावलांखाली सरकवला, आणि बाळ काठीसारखं ताठ उभं राहिलं. टाळ्यांनी छत दणाणलं.

"इतरांची पोरं रांगतात!" बाबा गरजले. "रांगणं ही गुलामी! हा बघा, थेट उभा! आणि ही मूठ! उघडतच नाही. आत याचं भाग्य आहे. उघडाल तर उडून जाईल!"

पहिल्या रांगेत बाळाच्या आईचा ऊर भरून आला. बाळ जन्मताना उशिरा रडलं, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दर महिन्याला दाखवायला आणा म्हणून बजावलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "धडधाकट पोरात खोट कशाला शोधायची?" बाबांनी तर मालीशही बंद करवली होती. पाय वाकवले की शक्ती जाते म्हणे! लंगोट बदलताना त्याच्या मांड्या फाकवता फाकवता तिला घाम फुटायचा. केवढा जोर मेल्याच्या अंगात, असं म्हणून ती कौतुकाने हसायची.

निरोप धाडून थकलेल्या डॉक्टरीणबाई आज स्वतःच आल्या होत्या. त्या सरळ व्यासपीठावर चढल्या.

"माझ्याजवळ शक्तीबिक्ती नाही, बाबा. द्या जरा इकडे."

त्यांनी बाळाला त्याच्या दोन्ही काखांखाली धरून त्याची पावलं टेबलाला टेकवली. बाळ तसंच ताठ उभं!

"आता तुम्ही याला बसवून दाखवा."

बाबांनी खटपट केली. कंबर वाकेना. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले, बाळ फळीसारखं मागे पडू लागलं.

"अविश्वासाच्या जागी शक्ती बसत नाही!" बाबा घाम पुसत म्हणाले. "ती उभीच राहते!"

"ही शक्ती नव्हे, जखडलेले स्नायू आहेत. याच्या मेंदूला इजा झालीय. सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पाऊल कशालाही टेकलं की पाय ताठ होतात. तुमच्या तळहाताला जेवढी सिद्धी, तेवढीच या टेबलाला."

बाईंनी हळूच मूठ सोडवली. आत घामेजलेला मळ होता आणि नखांचे वळ.

आई कशीबशी वर आली. "चालेल ना हो तो?"

"आज सांगता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणला असतात तर..." बाई थांबल्या. "अजून त्याचा मेंदू शिकतोय. उद्यापासून व्यायाम सुरू करू, पुष्कळ फरक पडू शकतो. पूर्ण बरा करीन असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे हे समोर उभे आहेत."

तोवर रांगेतली पुढची बाई आपली मुलगी घेऊन पायरी चढली होती. बाळाच्या आईने त्या बाईचा हात धरला.

"अगं, आधी तिला बसवून बघ! मूठ उघडते का बघ!"

"तुझं बिघडलं म्हणून माझ्या लेकीवर जळतेस होय?"

बाईने हात झटकला. बाबांनी तळहात पुढे केला. मुलगी ताठ उभी राहिली आणि टाळ्यांनी पुन्हा छत दणाणलं.

वाचकहो, आपलं बाळ मान धरतं का, कुशीवर वळतं का, मूठ उघडतं का, एवढं डोळे उघडून पाहा. शंका आली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. शंका घेतल्याने कुठलंच मूल आजारी पडत नाही.