प्रमिलाबाईंच्या नावाचा ओटा

प्रमिलाबाई गेल्या त्याला चार महिने झाले होते, आणि ज्या कामासाठी त्यांनी सात वर्षं अर्ज केले ते आता कुठे मार्गी लागत होतं. नरडाण्याच्या बाहेर, कारखान्यांत राबणाऱ्यांच्या त्या कॉलनीत ओपन स्पेस म्हणून सोडलेला एकच तुकडा होता. तिथे मुलांना मैदान व्हावं, कुंपण, झोके, घसरगुंडी, एवढंच त्यांचं मागणं. पोरं हायवेच्या कडेला खेळायची, आणि अंगणवाडी सांभाळणाऱ्या प्रमिलाबाईंचा जीव खालीवर व्हायचा.

सरकारी योजनेची पाहणी करायला ज्योती नावाची तरुण इंजिनियर आली. प्रमिलाबाईंचे यजमान झुलाल आबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून आधीच जागेवर हजर होते. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठायला कारण मिळालं होतं.

ज्योतीने फाइल उघडली. वरच प्रमिलाबाईंचं अक्षर. आबांनी मान वळवली.

"आबा, मधोमध हे काय आहे? नकाशात तर नाही."

"ओटा. नवा आहे. तिच्या गंधमुक्तीला मी बोललो होतो."

गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, पंगती बसायच्या आधी, गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी जाहीर करायची इकडे रीत. त्या दिवशी भाऊबंदांपैकी कुणीतरी म्हणालं, "आबा, अक्काच्या नावानं काही बोला." आबांचं डोकं जागेवर नव्हतं. पावसाचे दिवस, लोक याच मोकळ्या जागेत चिखलात बसलेत, एवढंच त्यांना दिसलं. "इथे पक्का ओटा बांधून देतो," ते बोलून गेले. जागा कशासाठी राखलीय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण आठवलं नाही. पंधरा दिवसांत काँक्रीट पडलं, नावाची फरशी बसली.

ज्योतीने टेप लावला, मोबाइलवर फोटो काढले. "जागा बिनबांधकामाची लागते, आबा. यात नाही बसत."

"आजच फोडी टाकू! बाई, दोन तास थांबा, मी घन आनस."

शेजारचा हितेंद्र ओट्यावरच बसला होता. "आबा, याड लागनं का तुम्हले? मरेल मानूसना नावना ओटा कोनी फोडस का? आन् पुढला महिनामा मनी बहिननी हयद शे. मांडव काय तुमना डोकावर टाकू?"

दोघंतिघं हसले.

"तिले मैदान पाहिजे व्हतं रे."

"अक्का गयात, आबा. आते ज्या जित्ता शेतस त्यासनं देखा."

आबा घरी गेले, घन घेऊन आले. कोपऱ्यावर तीन घाव घातले. टवका उडाला, बस. चौथ्याला हितेंद्रने हात धरला आणि घन काढून घेतला. जोर करावा लागला नाही.

"राहू द्या, आबा," ज्योती म्हणाली. "फोटो तारखेसकट वर गेला. यादी आज बंद होतेय."

तिने पंचनाम्याचा कागद काढला. 'जागेवर पक्के बांधकाम आढळले.' मग विचारलं, "बांधकाम कुणी केलं? लिहावं लागतं."

आबा पुढे झाले.

"लिहा. झुलाल कौतिक बाविस्कर."

पेन थांबलं. "अर्जदार प्रमिला झुलाल बाविस्कर, म्हणजे..."

"माझी बायको."

तिने खाली मान घालून नाव लिहिलं. आबांनी विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्या नावाने अर्ज दिला तर?"

"चालेल. पण आधी ओटा काढावा लागेल. त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो."

आबांनी ओट्याकडे पाहिलं. हितेंद्र मांडवाचे खांब कुठे रोवायचे ते पावलांनी मोजत होता, चार जण त्याला सल्ला देत होते. ग्रामसभेत हात वर करणारी माणसं हीच.

"सही कुठे करू?" आबांनी विचारलं. तिने बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.