ढेपीची चुंगडी

नालवाडीच्या पुढे, बायपासला लागून एक लग्नाचं लॉन आहे. त्याची राखण पुंडलिकराव आणि मंदाबाई या नवराबायकोकडे. त्या संध्याकाळी तिथे लग्न होतं, हिरवळ घोट्यापर्यंत वाढलेली, आणि वर बसून चालवायची गवत कापणारी मशीन सकाळपासून पाती फिरवणारा पट्टा सारखा फेकत होती. जरा चालली की पात्यांची घरघर थांबायची, पुंडलिकराव खाली उतरायचे, आणि मंदाबाई हातातलं काम टाकून धास्तीने तिकडे बघत राहायची.

खरं तर भ्यायचं कारण नसायला हवं होतं. त्या मशीनच्या सीटखाली एक बटण असतं. माणूस उठला की इंजिन आपोआप बंद. बनवणाऱ्याने विचार करूनच ते ठेवलं असणार. पण बॅटरी मेलेली. मशीन एकदा बंद पडली की शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलवा, त्याच्या बॅटरीला वायरी जोडा आणि वर ट्रॅक्टरवाल्याचे टोमणे ऐका. यावर पुंडलिकरावांनी डोकं लढवलं होतं. गाईच्या पेंडीचं, म्हणजे ढेपीचं, एक अर्धं भरलेलं पोतं होतं. ती चुंगडी पाठीशी घेऊन ते बसायचे आणि उतरताना अलगद सीटवर सरकवायचे. मशीनला वाटायचं माणूस बसलेलाच आहे. या अकलेचं त्यांना इतकं कौतुक, की मांडववाल्यांनाही बोलावून दाखवून झालं होतं.

मंदाबाईला मात्र ती चुंगडी डोळ्यांसमोर नको व्हायची. देवळीचा तिचा भाऊ वासुदेव सोयाबीनच्या मळणीत असाच "एकच मिनिट" म्हणून चालत्या मशीनकडे वळला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. पुंडलिकराव चारचौघांत म्हणायचे, "डोळे मिटून हात घातला त्यानं, दुसरं काय." वासुदेवही हसायचा. हळूहळू त्याने बहिणीकडे येणंच सोडलं.

पट्टा पुन्हा उडाला. पुंडलिकरावांनी चुंगडी सरकवली आणि उतरले.

"पट्टा नवा आणला आर्वीवरून, स्प्रिंगबी बदलली. तरी काऊन फेकून राह्यली?"

"आधी बंद करा न जी. मंग पाहा."

"बंद केली का ट्रॅक्टर बोलवा लागते. पात्याचा दांडा सोडला हाये, पाते फिरत नाई. एकच मिनिट."

ते शब्द ऐकले आणि मंदाबाई दोन पावलं पुढे आली. पाती थांबली होती, हे खरं. पण इंजिनाखालची लोखंडी चाकी गरगर फिरतच होती, आणि पट्टा तिच्या शेजारूनच बसवायचा होता. पुंडलिकराव गवतावर आडवे झाले, गाल जमिनीला टेकवला आणि हात आत घालून चाचपू लागले. दिसत काहीच नव्हतं.

त्यांच्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक चाकीकडे आत सरकलं. मंदाबाईला वाटलं, त्यांनीच ओढून घेतलं असेल. मग दुपट्टा ताणला गेला. मग त्यांची मान वाकडी झाली आणि ते काहीच बोलले नाहीत. त्यांचा न बोलण्याचा स्वभाव नव्हता.

कोणता दांडा ओढला की काय होतं, हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. "मशीनले हात नोको लावू," एवढंच सांगितलं होतं. तिला माहीत होती ती फक्त सीटवरची ढेप. तिने चुंगडीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि सगळा जीव लावून मागे ओढलं. चुंगडी अंगावर घेऊन ती गवतात पडली.

इंजिन बंद पडलं.

बऱ्याच वेळाने पुंडलिकरावांनी दुपट्टा सोडवून डोकं बाहेर काढलं. चाकीपासून मानेपर्यंत वीतभरच कापड उरलं होतं. गळ्यावर लाल वळ उठला होता. त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मंदाबाई सांडलेल्या ढेपीत बसून रडत होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले.

मग ते पुन्हा मशीनकडे गेले. बंद मशीनखाली ते त्या दिवशी पहिल्यांदाच नीट डोकावत होते. पात्यावरची चाकी हाताने फिरवली, तर अडली. तिच्या बुडाशी मांडववाल्यांची बांधायची तार गच्च गुंडाळली गेली होती. त्या तारेने चाकी तिरपी केली होती, म्हणून नवा पट्टाही टिकत नव्हता. पकडीने तार ओढून काढायला फारसा वेळ लागला नाही. चालत्या मशीनमध्ये चाचपून ती कधीच सापडली नसती.

ट्रॅक्टर आला, टोमणेही आले. पुंडलिकरावांनी ते निमूट ऐकून घेतले. मशीन चालू झाली आणि पट्टा जागेवर राहिला. स्टेजपाशी गवतात तारेचा आणखी एक तुकडा चमकला, तसे ते उचलायला उठले. सीटवर काहीच नव्हतं. इंजिन बंद पडलं.

मंदाबाई धावत आली. "आता पुन्हा ट्रॅक्टर बोलवा लागते."

"लागू दे." तार हातात धरून ते तसेच उभे राहिले. "वासुदेवले फोन लाव."

"काय सांगू?"

"मीच बोलतो."

तिने फोन लावून दिला. पलीकडून वासुदेवचा आवाज आला.

"वासुदेव," ते म्हणाले, "तू डोळे मिटून हात नव्हता घातला, बाप्पा. मले आज समजलं."

त्यांनी फोन मंदाबाईच्या हातात दिला.